करारात किती वर्षं उरलीत, ते आधी बघा

विचारणारे गृहस्थ सोलापूरचेच. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. पंधरा वर्षांचा मुलगा लिव्हरपूल या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबाचा कट्टर भक्त, रात्री साडेबाराला उठून सामने बघणारा. ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड 2025 मध्ये लिव्हरपूल सोडून स्पेनच्या रेयाल माद्रिदला गेला, तेव्हापासून पोराने त्याची 66 नंबरची जर्सी अंगाला लावलेली नाही. वडील विचारतात, "ज्या क्लबात लहानाचा मोठा झाला, जिथं सगळं मिळालं, तो क्लब सोडून तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या क्लबात ही माणसं जातात कशाला? शेवटी पैसाच ना? मुलगा त्याला गद्दार म्हणतो. त्याला काय सांगू?" आणि खाली जाता जाता आणखी एक ओळ लिहिली आहे: मुलगा स्वतः पुण्याच्या एका अकादमीत जायचं म्हणतोय, पाठवावं का?

मी सोलापुरात मुलांना फुटबॉल शिकवतो. इथून मुलं पुण्या-मुंबईच्या क्लबांकडे जातात तेव्हा त्यांचे नोंदणीचे आणि ना-हरकतीचे कागद माझ्याच हातून जातात. रकमा सोडल्या तर व्यवहाराची रीत वरपासून खालपर्यंत बरीचशी सारखी असते, कारण मूळ नियम फिफाचे, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पैसा असतोच. पण त्या पातळीवर पैसा सगळेच देतात, त्यामुळे नुसत्या पैशावरून 'हाच क्लब का' आणि 'याच वर्षी का' हे कळत नाही. किलियन एम्बापेचं घ्या. 2023 च्या उन्हाळ्यात सौदी अरेबियाच्या अल हिलालने त्याच्यासाठी पॅरिसच्या पीएसजीला 30 कोटी युरो देऊ केले. पीएसजीने बोलणी करायला परवानगीही दिली. एम्बापेने त्यांची भेटसुद्धा घेतली नाही. तो आणखी एक वर्ष पॅरिसमध्ये थांबला, करार संपवला आणि 2024 मध्ये रेयाल माद्रिदला गेला. लहानपणी त्याच्या खोलीच्या भिंतीवर क्रिस्तियानो रोनाल्डोची पोस्टर्स होती, पोरवयात तो माद्रिदचं सराव केंद्र बघून आला होता. केवळ पैसा हवा असता तर रस्ता उघडा होता.

म्हणून कुठल्याही मोठ्या ट्रान्सफरची, म्हणजे खेळाडूने क्लब बदलल्याची, बातमी आली की मी रकमेकडे नंतर बघतो. आधी बघतो, करारात किती वर्षं उरली होती आणि खेळाडूचं वय काय. निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

हे असं का झालं, त्यामागे एक माणूस आहे: ज्याँ-मार्क बोस्मान, बेल्जियमच्या लिएज क्लबाचा साधा मिडफिल्डर. 1990 मध्ये त्याचा करार संपला. क्लबाने नव्या करारात पगार फार कमी देऊ केला, म्हणून त्याने फ्रान्सच्या डंकर्कला जायचं ठरवलं. पण त्या काळी करार संपला तरी जुना क्लब ट्रान्सफरची रक्कम मागू शकत होता, आणि रक्कम जमली नाही म्हणून बोस्मान अडकून पडला. तो कोर्टात गेला. 15 डिसेंबर 1995 ला युरोपियन न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेला खेळाडू मोकळा आहे, त्याच्यासाठी कुणी कुणाला काही देणं लागत नाही. या खटल्यात बोस्मानची स्वतःची कारकीर्द संपली. आज एकेक खेळाडू करार संपवून कोट्यवधींचा बोनस घेतो, तो याच्या जिवावर. तुमच्या मुलाला सांगायची पहिली गोष्ट खरं तर ही आहे.

या निकालानंतर सगळं गणित फिरलं. करारात चार वर्षं असतील तर क्लबाचा हात वर. एकच वर्ष उरलं की पारडं खेळाडूकडे झुकतं, कारण आता विकला नाही तर पुढच्या वर्षी तो फुकट जाणार. शेवटचे सहा महिने उरले की फिफाच्या नियमाने तो दुसऱ्या क्लबाशी उघडपणे करार करू शकतो. युरोपात बहुतेक करार जूनअखेर संपतात, त्यामुळे हे सहा महिने जानेवारीत सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे होम मैदानावर गड्डा यात्रा भरलेली असते तेव्हा. वर्तमानपत्रात जानेवारीत ज्या अफवा येतात, त्या बहुतेक अशा शेवटच्या सहा महिन्यांतल्या खेळाडूंच्या असतात.

रॉबिन व्हॅन पर्सीचं उदाहरण जुनं आहे, पण इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. 2012 मध्ये तो इंग्लंडच्या आर्सेनलचा कर्णधार होता, वय 29, करारात एक वर्ष बाकी. आर्सेनलने 2004 नंतर लीग जिंकली नव्हती. त्याने करार वाढवायला नकार दिला आणि क्लबाने त्याला जवळपास 2.4 कोटी पौंडांना थेट मँचेस्टर युनायटेडला, म्हणजे हाडवैऱ्याला विकला. पहिल्याच हंगामात 26 गोल, सर्वाधिक गोल करणारा तोच, आणि लीगचं विजेतेपद. आर्सेनलच्या लोकांनी त्याला कधी माफ केलं नाही. पण 29 व्या वर्षी स्ट्रायकरकडे किती हंगाम उरतात? तीन, फार तर चार. विजेतेपदाची वाट बघायला त्याच्याकडे वेळच नव्हता. हॅरी केनचंही तेच. टॉटनहॅमसाठी ढिगाने गोल, पण ट्रॉफी एकही नाही. 2021 मध्ये मँचेस्टर सिटीला जायचं होतं तेव्हा करारात तीन वर्षं होती, टॉटनहॅमने हलू दिलं नाही. 2023 मध्ये एकच वर्ष उरलं, वय तिशीचं, आणि सुमारे 10 कोटी युरोंना बायर्न म्युनिकला सौदा झाला. माणूस तोच, इच्छा तीच, क्लब तोच. बदललं ते करारातलं वर्ष. बायर्नमध्ये पहिल्या हंगामात लीगमध्ये 36 गोल करूनही ट्रॉफी हुकली, दुसऱ्या हंगामात मिळाली.

याच्या उलट जर्मनीचा डॉर्टमुंड क्लब. रॉबर्ट लेवांडोव्स्की बायर्नला जाणार हे 2013 मध्ये सगळ्यांना दिसत होतं. डॉर्टमुंडने विकला नाही. एक हंगाम वापरला आणि 2014 मध्ये फुकट सोडला. मला तो निर्णय पटतो. मोठा स्ट्रायकर एक वर्ष हाताशी असण्याची किंमतही किंमतच असते.

आता ट्रेंटकडे येऊ. वय 26. बचावपटूची ऐन उमेदीची वर्षं इथून सुरू होतात. लिव्हरपूलबरोबर 2019 ला चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा), 2020 ला आणि 2025 ला इंग्लंडची प्रीमियर लीग, म्हणजे तिथं जिंकायचं काही राहिलं नव्हतं. करार 30 जून 2025 ला संपत होता. दुसरीकडे रेयालचा उजवा बचावपटू दानी कार्वाहाल ऑक्टोबर 2024 मध्ये गुडघ्याला मोठी दुखापत होऊन बाहेर गेला आणि त्या जागी हंगामभर उसनवारी चालली. जवळचा मित्र ज्यूड बेलिंगहॅम तिथं आधीच होता. जूनमध्ये क्लब वर्ल्ड कप खेळायला मिळावा म्हणून रेयालने थोडी रक्कम मोजून त्याला महिनाभर आधी सोडवून घेतला. बघा, यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर माणूस हलत नाही. रिकामी जागा, संपता करार, योग्य वय आणि ओळखीचं माणूस हे सगळं एकाच उन्हाळ्यात जुळलं.

लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यांचा राग मला समजतो. त्यांना लागलं ते जाणं नव्हे, फुकट जाणं. घरात वाढवलेला मुलगा 7-8 कोटी पौंड देऊन गेला असता तर त्या पैशातून दुसरा आला असता. इथं क्लबाच्या हाती जवळपास काहीच आलं नाही. पण हेही लक्षात घ्या की क्लबाने ती मुदत जवळ येऊ दिली. दोन वर्षं उरलेली असताना टेबलावर बसायचं असतं, शेवटच्या वर्षात नव्हे.

इथं क्लबाची बाजू सांगायला हवी, कारण 'खेळाडूने क्लब सोडला' असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा क्लबानेच त्याला दार दाखवलेलं असतं. आणि तुम्ही कारखानदार, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. यंत्रमाग घेतला की त्याचा घसारा तुम्ही वर्षावर्षाने मांडता ना, तसंच खेळाडूचं. 10 कोटींना घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर हिशेबात दरवर्षी 2 कोटी खर्च. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत 4 कोटी उरते. तेव्हा 6 कोटींना विकला तर घेतल्यापेक्षा स्वस्तात जाऊनही कागदावर 2 कोटींचा नफा. आणि जो क्लबाच्या अकादमीतच वाढला त्याची वहीतली किंमत शून्य, म्हणजे विकला की सगळी रक्कम नफा. युरोपात आणि इंग्लंडमध्ये तोट्यावर मर्यादा घालणारे नियम आहेत, त्यामुळे हा कागदावरचा नफा क्लबांना जीव की प्राण. चेल्सीने 2023 मध्ये मेसन माउंट मँचेस्टर युनायटेडला 5.5 कोटी पौंडांना दिला. सहा वर्षांचा असल्यापासून चेल्सीत होता, चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती, आणि करारात उरलं होतं एकच वर्ष. याच चेल्सीने त्या काळात नव्या खेळाडूंना आठ-आठ वर्षांचे करार दिले, म्हणजे वर्षाचा घसारा कमी दिसावा. मग युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, आणि पाठोपाठ प्रीमियर लीगने नियम केला की करार कितीही लांबचा असो, हिशेबात खर्च जास्तीत जास्त पाच वर्षांत मांडायचा.

विकणाऱ्या क्लबाचं भलं झाल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या मुलाच्या लिव्हरपूलचंच. जानेवारी 2018 मध्ये फिलिपे कुतिन्यो बार्सिलोनाला गेला, अटी धरून 14.2 कोटी पौंडांपर्यंतचा सौदा. त्यालाच जायचं होतं, स्वप्न होतं ते त्याचं. त्याच वर्षी लिव्हरपूलने व्हर्जिल व्हॅन डाइक आणि गोलकीपर अलिसन यांच्यावर मिळून जवळपास तेवढेच पैसे घातले आणि 2019 ची चॅम्पियन्स लीग जिंकली. कुतिन्योचं बार्सिलोनात बस्तान बसलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये बायर्नने बार्सिलोनाला 8-2 हरवलं, तेव्हा बार्सिलोनानेच बायर्नला तात्पुरता दिलेला कुतिन्यो बदली म्हणून उतरला आणि त्याने दोन गोल केले. स्वप्नातला क्लब आणि आपल्या खेळाला जागा असलेला क्लब हे एकच असतील असं नाही.

कधी कधी तर खेळाडू निमित्तमात्र असतो आणि व्यवहार घडवतात क्लबाच्या निवडणुका. 2000 सालचा लुईस फिगो हा त्याचा नमुना, आणि तो जरा सावकाश बघण्यासारखा आहे. रेयाल आणि बार्सिलोना हे सभासदांच्या मालकीचे क्लब, अध्यक्ष मतदानाने निवडतात. रेयालचा त्या वेळचा अध्यक्ष लोरेंझो सान्झ याने तीन वर्षांत दोन चॅम्पियन्स लीग जिंकल्या होत्या. त्याला हरवायचं कसं? फ्लोरेंतिनो पेरेझ या बांधकाम व्यावसायिकाने फिगोच्या एजंटाशी आधीच कागद केला: मी निवडून आलो तर फिगो माद्रिदला येईल, शब्द फिरवला तर जबर दंड. मग त्याने सभासदांना जाहीर सांगितलं की फिगो आला नाही तर तुमच्या वर्षाच्या तिकिटांचे पैसे मी भरतो. फिगोला बार्सिलोनात आपली कदर होत नाही, पगारवाढीची बोलणी रखडलीत, ही खंत होतीच. एजंटाचा कागद त्याला बहुधा बार्सिलोनावर दबाव आणण्याचं हत्यार वाटला असावा, हा माझा अंदाज. पण पेरेझ खरोखर निवडून आला. तिकडे बार्सिलोनाचीही निवडणूक त्याच महिन्यात होती, त्यामुळे फिगोला थांबवायला ठाम बोलणारं कुणी जागेवर नव्हतं. स्पेनमध्ये 1985 च्या एका शाही आदेशानुसार खेळाडू ठरलेली भरपाई भरून करार मोडू शकतो, म्हणून प्रत्येक करारात सुटकेची रक्कम लिहिलेली असते. ती सुमारे 6 कोटी युरो भरली आणि बार्सिलोनाला 'नाही' म्हणायची सोयच उरली नाही. दोन वर्षांनी तो बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा प्रेक्षकांतून डुकराचं मुंडकं मैदानात येऊन पडलं. लोकांचा राग सगळा फिगोवर. पण तो व्यवहार मतपेटीतून निघाला होता.

हेच सुटकेचं कलम 2017 मध्ये नेमारच्या वेळी वापरलं गेलं. बार्सिलोनाने 22.2 कोटी युरो लिहिले होते, कुणी भरणार नाही अशी समजूत होती. पीएसजीच्या कतारी मालकांनी भरायची तयारी ठेवली आणि नेमारच्या वकिलाने रक्कम जमा केली. पैसा प्रचंड होता, हे खरं. पण पंचविशीतला तो खेळाडू बार्सिलोनात राहिला असता तर मेस्सी असेपर्यंत दुसराच राहिला असता. संघ आपल्याभोवती उभा राहावा ही भूक मोठ्या खेळाडूंत फार खोल असते, आणि ती मला वाईट वाटत नाही. त्या भुकेशिवाय तो तिथवर पोचलाच नसता.

कर हाही एक मुद्दा, थोडक्यात सांगतो. स्पेनने 2005 मध्ये परदेशी नोकरदारांना सवलतीचा दर दिला, त्याला लोक तेव्हा रेयालमध्ये खेळणाऱ्या डेव्हिड बेकहॅमचं नाव घेऊन ओळखू लागले; 2015 पासून व्यावसायिक खेळाडूंना त्यातून वगळलं. रोनाल्डो 2018 मध्ये युव्हेंटसला गेला तेव्हा इटलीत बाहेरच्या देशांतल्या उत्पन्नावर वर्षाला ठोक 1 लाख युरो कराची सोय होती. करामुळे माणूस क्लब ठरवत नाही, पण दोन क्लब तोलामोलाचे असतील तर पारडं झुकतं.

आणि कुणाला मुळीच जायचं नसतं. ऑगस्ट 2021 मध्ये मेस्सी निम्म्या पगारावर बार्सिलोनात राहायला तयार होता. पण क्लबाचा पगारखर्च स्पॅनिश लीगच्या मर्यादेत बसेना, त्यामुळे त्याची नोंदणीच होईना. पत्रकार परिषदेत तो ढसाढसा रडला आणि दोन दिवसांत पॅरिसला गेला.

मला यात सगळ्यात जवळचं वाटतं ते कारण बातम्यांत सगळ्यात कमी येतं: खेळायला मिळणं. पॉल पोग्बा 19 व्या वर्षी मँचेस्टर युनायटेड सोडून युव्हेंटसला गेला, कारण संघात जागा मिळत नव्हती. चार वर्षांनी युनायटेडनेच 10.5 कोटी युरो मोजून त्याला परत आणला. डी ब्रॉयना आणि सालाह, दोघेही चेल्सीच्या बाकावरून उठून गेले. बाक फार वाईट असतो. बाहेरून दिसत नाही, पण विशीतला मुलगा एक हंगाम बाकावर बसला की त्याचा पहिला स्पर्श जड होतो, डोकं वर करून पास बघायची सवय जाते. मी हे इथं डोळ्यांनी बघितलंय.

आमच्याकडचा एक डावखुरा मुलगा होता, डावा बचावपटू. पार्क स्टेडियमपर्यंत सायकलवर यायचा. आमच्या संघात त्या जागी त्याच्यापेक्षा मोठा, पक्का खेळाडू होता, म्हणून याला आम्ही मधे खेळवायचो. पुण्यातल्या एका क्लबाने निवड चाचणीत त्याला बघितलं. त्यांच्याकडे डावखुरा नव्हता. मुलाची आई ना-हरकतीच्या अर्जावर सही करायला आली तेव्हा तिने मला पगार, मानधन काही विचारलं नाही. विचारलं, "सर, तिथं ह्याला रोज खेळवतील ना? आणि जेवायला कोण असेल सोबत?" मी क्लबाच्या प्रशिक्षकाला तिच्यासमोरच फोन लावला आणि हे दोनच प्रश्न विचारले. मुलगा गेला. आमचा संघ त्या वर्षी कमकुवत झाला, काही मुलं त्याच्याशी महिनाभर बोलली नाहीत. पण तो आता स्वतःच्या जागी खेळतो आणि शेंगाची चटणी संपली की गावाकडे येतो.

तर मुलाच्या 'गद्दार' शब्दाबद्दल. त्याला रागवू नका. ज्याला क्लबाचं प्रेम आहे त्यालाच तो राग येतो, आणि त्या प्रेमावरच हा खेळ चालतो. फक्त त्याला विचारा: तू पुण्याला जायचं म्हणतोस, ते इथल्या सरांवर राग आहे म्हणून का? तो नाही म्हणेल. मग ट्रेंटबद्दल पुन्हा बोला. त्याचं मन एका बैठकीत बदलायला हवं असंही नाही.

आता अकादमीबद्दल. पाठवा की नको हे मुलगा न बघता मी सांगू शकत नाही, पण पैसे भरण्याआधी काय विचारायचं ते सांगतो. त्याच्या जागेवर सध्या किती मुलं आहेत आणि वर्षात स्पर्धेचे सामने किती मिळतात, हे आधी. सराव सगळेच देतात, सामने फार थोडे देतात. दहावीचं वर्ष तोंडावर आहे, तेव्हा शाळा कुठली आणि सरावाची वेळ शाळेशी जुळते का. कागदावर किती वर्षांचं बंधन आहे, आणि मधेच सोडायचं म्हटलं तर ना-हरकत मिळते का. सुटायची अट जिथं लिहिलेली नाही, तिथं सही करू नका. सही करण्याआधी तो कागद मला दाखवायला आणलात तरी चालेल.

आणि एक काम आजच करा. त्याची नोंदणी भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रणालीत, खऱ्या जन्मतारखेने, झालेली आहे का ते बघा. फिफाच्या नियमाने खेळाडू मोबदला देऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, की रकमेतले 5 टक्के तो 12 ते 23 या वयात ज्या ज्या क्लबांत घडला त्यांना वाटले जातात. 12 ते 15 या चार वर्षांसाठी दरवर्षी पाव टक्का, पुढे दरवर्षी अर्धा. समजा इथला एखादा मुलगा उद्या 10 कोटी रुपयांना परदेशी गेला आणि ती चार वर्षं सोलापूरच्या क्लबात नोंदलेला असला, तर 10 लाख रुपये या क्लबाकडे येतील, ज्यात गोलपोस्टच्या जाळ्यांपासून लहान मुलांच्या बुटांपर्यंत सगळं निघेल. नोंद नसली तर एक पैसाही मागता येत नाही, मग त्याला कुणी कितीही शिकवलेलं असो. तुमचा मुलगा पंधराचा आहे, म्हणजे यातली तीन वर्षं मागे पडलीच. जन्मदाखला, आधार आणि फोटो घेऊन त्याला संध्याकाळी मैदानावर पाठवा, चौथ्या वर्षाची नोंद तरी करून घेऊ.